साडेतीन फुटांवरून

आयुष्यात मी एकदाच दुसऱ्याच्या कवितेत हात घातला. एकच शब्द बदलला. विचारलं नाही, सांगितलं नाही. छापखान्यासाठी पानाची नक्कल करताना त्यांचा शब्द गाळला आणि त्याच्या जागी माझा बसवला. त्या खुशीत संध्याकाळी घरी सगळ्यांना कांदाभजी करून घातली. आमच्या ह्यांनी विचारलं, आज काय विशेष? मी म्हटलं, एका बाईला न्याय मिळाला. कोर्टातनं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कवितेतनं. त्यावर त्यांनी आणखी दोन भजी घेतली आणि विषय संपवला. त्यांना कवितेतलं काही कळत नव्हतं. मला कळतं अशी माझी समजूत होती, म्हणून घोटाळा माझ्या हातून झाला, त्यांच्या नाही.

मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते. म्हणजे पोरवयाची चूक म्हणून खपवायलाही सोय नाही. महिला मंडळाची उपाध्यक्ष होते आणि अध्यक्ष व्हायच्या तयारीत होते. त्या वयातल्या माझ्याकडे आता बघितलं की मला तिचा पदर ओढून खाली बसवावंसं वाटतं.

कविता ज्यांची, त्यांना राजारामपुरीतली आमची आख्खी गल्ली गुरुजी म्हणायची. पेठ वडगावजवळच्या एका खेड्यात जन्मले, जिल्हाभरच्या प्राथमिक शाळांत मास्तरकी केली, लग्न केलं नाही आणि निवृत्त झाल्यावर आमच्या गल्लीत एका दवाखान्यामागच्या खोलीत भाड्यानं राहायला आले. पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, टोपी. इथवर सगळं चारचौघांसारखं. पुढचं मात्र तसं नव्हतं. त्यांच्या काखेत कायम एक लाकडी स्टूल असायचं. सुताराकडून त्याचे पाय मापानं कापून घेतलेले. त्यावर बसलं की गुरुजींचे डोळे बरोबर सात वर्षांच्या पोराच्या डोळ्यांच्या रेषेत यायचे. "सात वर्साचा माणूस साडेतीन फूट आसतोय," ते सांगायचे. "त्याच्या वरचं सगळं नंतरचं."

गुरुजी कविता लिहायचे त्या फक्त लहानपणावर. दहाव्या वर्षाच्या पुढचं त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही. आणि त्या लिहिण्यासाठी ते गावभर स्टूल टाकून बसायचे. भाजीबाजारात पालकाच्या ढिगाशेजारी, शाळा सुटताना फाटकाशी, कधी भर रस्त्याच्या कडेला. एकदा एका रिक्षावाल्यानं वैतागून विचारलं, ओ पावणं, गाडी अंगावरनं घालू काय? गुरुजी म्हणाले, घाल, पण सावकाश घाल, म्हणजे नीट बघता येईल. सिटी बसमध्ये सीट मोकळी असताना ते मधल्या वाटेत स्टूल मांडायचे. कंडक्टर हात जोडून सांगायचा, आजोबा, वर बसा की. गुरुजींचं उत्तर ठरलेलं: वरनं गुडघे दिसत नाहीत.

लिहायचे जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर. आणि लिहून झालं की त्या कागदाकडे पुन्हा बघायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, गुरुजी, निदान एकदा वाचून तरी बघा. तर म्हणाले, आंघोळ केलेलं पाणी परत अंगावर घेतंय का कोण?

आमची ओळख झाली ती माझ्या चांदण्यामुळे. मंडळाच्या हळदीकुंकवात मी स्वतःची कविता म्हटली होती. तीत चांदणं होतं, निशिगंध होता, विरह होता आणि खिडकीत जागणारी एक ती होती. बायकांनी टाळ्या वाजवल्या. वाजवतील नाही तर काय, वाण घ्यायचं राहिलं होतं. गुरुजी हॉलच्या दारात स्टूल टाकून बसले होते, ते मला दिसलंच नव्हतं. पुढच्या गुरुवारी संध्याकाळी ते आमच्या पायरीशी आले आणि अगदी काळजीच्या सुरात म्हणाले, "वैनी, मालक परगावी असत्यात काय?"

मी म्हटलं, नाही, रोज पावणेसहाला घरी येतात.

"मग वाट कुणाची बघतायसा?"

आत मालक चहा पीत होते. त्यांच्या नाकातनं चहा आला. मी रागानं लाल झाले, पण गुरुजींनी तेवढ्यात व्हरांड्यात स्टूल मांडून मला त्यावर बसायला सांगितलं आणि स्वतः पायरीवर बसले. दहा वर्षांच्या आतलं काहीतरी एक सांगा म्हणाले. मी सांगितलं की माझं लहानपण कागलात गेलं आणि त्यात सांगण्यासारखं काही घडलंच नाही. वडील गुळाच्या वखारीत नोकरीला, आई घरात, मी शाळेत. संपलं. गुरुजींनी विचारलं, भीती कशाची वाटायची? मी पटकन म्हटलं, पिठाच्या गिरणीच्या पट्ट्याची. म्हटल्यावर माझं मलाच हसू आलं. गुरुजी हसले नाहीत. पुढच्या गुरुवारी दळण घेऊन या म्हणाले.

तर अशी मी, इस्त्रीची साडी नेसलेली मंडळाची उपाध्यक्ष, आमच्या कोपऱ्यावरच्या गिरणीत दळणाच्या रांगेत स्टुलावर बसले. ओळखीच्या बायका वरून वाकून विचारत होत्या, चक्कर आली काय हो? गिरणीवाला पाणी घेऊन आला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालेलं. आणि मग गिरणी सुरू झाली. डोक्यावरून पट्टा फटफटायला लागला. कापडाच्या सोंडेतून पीठ डब्यात पडायला लागलं. माझ्या डोळ्यांसमोर नुसत्या साड्यांचे काठ, जोडवी आणि डबेच डबे. डब्यांकडे बघता बघता मला कागलातला माझा डबा आठवला. तो कायम हलका असायचा. आई मला अर्ध्या दळणालाच पाठवायची. तिथला गिरणीवाला दर वेळी म्हणायचा, परत अर्धंच? आणि आईचं सांगणं असायचं, घाई करू नको, पीठ गार होईपर्यंत थांब. मी परत यायची तेव्हा वडील भिंतीकडे तोंड करून झोपलेले असायचे आणि आईच्या हातात बांगड्या कमी असायच्या, आणि केरात काचा.

हे सगळं मी दर वेळी बघितलं होतं. पण ते काय होतं ते मला बेचाळिसाव्या वर्षी गिरणीत कळलं. पट्ट्याच्या भीतीनं मी आईवर रुसायची, आणि आई मला त्या घरातून बाहेर काढत होती.

गुरुजी दारात उभे होते. जवळ येऊन हळूच म्हणाले, "आता उभी ऱ्हा, पोरी." मी उभी राहिले. "आता तू तुझ्या आईएवढी झालीस. बसल्यावर दिसलं ती आठवण. उभ्यानं कळलं ते वय. दोन्हीच्या मधी जागा ऱ्हातीया बघ, तितं कविता आसती."

वैनीची पोरी मी त्या दिवशी झाले. त्या रात्रीच्या स्वयंपाकात मीठ पडलं नाही आणि कुणी बोललंही नाही. मग मी एक कविता लिहिली, बारा ओळींची, चांदणं नसलेली. माझ्या नावावर खरी कविता असेल तर ती एवढीच.

ते गुरुवार पाच वर्षं चालले. तसं आम्ही काय करायचो? तर चहा प्यायचो. ते बशीतून, मी कपातून. ते एक सांगायचे, मी एक सांगायची. बांधावरच्या बोरी, शाळेतली पहिली ओली पाटी, आजारपणात मिळणारं बिस्किट. कधी अख्खी संध्याकाळ एका वासावर जायची. गुरुजी जाऊन आता खूप वर्षं झाली. त्यांची ती खोलीही नाही, तिथं दवाखान्यानं एक्स-रेचं मशीन घातलंय. माझी धाकटी नात नुकतीच साडेतीन फुटांची झाली. ती समोरून चालत गेली की मला अजून वाटतं, हाक मारून गुरुजींना बोलवावं, बघा म्हणावं, मापात आहे. गुरुवारी साडेपाच वाजले की आजही माझा हात चहाला एक कप पाणी जास्त टाकतो. सून म्हणते, आई, कोण येणार आहे का? मी म्हणते, मालक.

तर तो शब्द.

गुरुजींच्या कवितांचं पुस्तक करायचं ठरलं. त्यांना स्वतःला सोस नव्हता असं ते दाखवायचे, पण कागदांची गठडी माझ्याकडे देताना त्यांनी ती दोन्ही हातांनी दिली, ते मी बघितलं. त्यांचं अक्षर छापखान्यातल्या मुलींना लागत नव्हतं, म्हणून स्वच्छ नक्कल मी करायची होती. अट एकच घातली: शब्द हलवायचा नाही.

त्या गठडीत जवळजवळ सगळ्या कविता खालून बघितलेल्या होत्या. गुडघे, चुलीचं तोंड, म्हशीचं पोट. वरून बघितलेली एकच होती, आणि ती त्यांची सगळ्यात लाडकी. वडिलांच्या खांद्यावर बसून वडगावच्या बाजाराला जाण्याची. तिची सुरुवात अशी होती:

*बाच्या खांद्याचं हाड टोचायचं*
*म्हणून मी पटका धरून बसायचो*
*बाजार खालनं वाहायचा*

ही कविता म्हणताना गुरुजी स्टुलावर बसत नसत, उभे राहत. गुरुजी पाच वर्षांचे असताना वडील गेले, हे त्यांनी मला सांगितलं होतं. वडिलांचा चेहरा त्यांना आठवत नव्हता. फोटो कुणी काढलेलाच नव्हता. जो काही बाप त्यांच्याजवळ होता, तो एवढाच: एक टोचणारं हाड आणि डोक्याचा पटका. त्या हाडाचं आम्हा ऐकणाऱ्यांना फार कौतुक. गरीब शेतकऱ्याचं अंग एका हाडात उभं केलं, असं मीच एका भाषणात म्हटलं होतं.

पुस्तकाच्या मागे कवीचा परिचय लागतो. गुरुजी देईनात. परिचय आत आहे म्हणाले. म्हणून मी एस.टी.नं पेठ वडगावला त्यांच्या थोरल्या बहिणीकडे गेले. तिला सगळे अक्काच म्हणत. पंच्याहत्तरीची, सडपातळ, ताठ. मुलांच्या घरी बाहेरच्या सोप्यात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मी जन्मगाव, आईवडिलांची नावं असं लिहून घेत गेले आणि शेवटी सहज विचारलं, वडील गेले तेव्हा गुरुजी पाच वर्षांचे ना?

अक्का म्हणाली, दीड वर्षाचा.

मग तो बाजार? तो खांदा? मी तिला कविता म्हणून दाखवली. तिला ती पाठ होती, माझ्याबरोबर तिचे ओठ हलत होते. आणि मग ती हसायला लागली, मांडीवरची टरफलं सांडेपर्यंत हसली. वडील तापात गेले, आई दुसऱ्याच्या रानात जायची, बाजार अक्का करायची. हा चार वर्षांचा झाला तेव्हा अक्का बारा वर्षांची. बाजारात बाकीची पोरं आपापल्या बापाच्या खांद्यावर. हा ते बघून रडायचा. म्हणून तिनं खुंटीवरचा वडिलांचा पटका काढून आपल्या डोक्याला गुंडाळला आणि ह्याला खांद्यावर घेतला. वरून काय दिसतंय, पटकाच. वर चढेपर्यंत पोरगं मला अक्का म्हणायचं, वर बसलं की बा म्हणायचं, असं तिनं सांगितलं. पुढे ते शाळेत जाऊन सांगायला लागलं, माझा बा मला बाजारला न्यायचा. खोडून काढायला कोण गेलंय?

म्हणजे ते टोचणारं हाड बारा वर्षांच्या पोरीचं होतं.

अक्कानं शेंगांची पिशवी दिली आणि मला एस.टी.त बसवून दिलं. खिडकीशी बसून मी जी भडकले म्हणता. बाई राबली आणि कवितेत नाव बापाचं. मंडळात मी नेमकं ह्याच विषयावर बोलत असे. शिवाय मला गुरुजींचाच धडा तोंडपाठ होता. मी गिरणीत बसून खरं बघितलं होतं, आईची रिकामी मनगटं बघितली होती. मग गुरुजींनी नको का बघायला? पिशवीतल्या शेंगा खात खात, अर्धी वाट सरायच्या आत मी निकाल दिला. घरी आले, पान काढलं आणि लिहिलं: *अक्काच्या खांद्याचं हाड टोचायचं.* मला वाटलं, पुस्तक आल्यावर गुरुजी वाचतील, चमकतील, आणि मग आम्ही एका गुरुवारी ह्यावर बोलू. पुस्तक आलं तेव्हा गुरुजींनी ते हातात घेऊन त्याचा वास घेतला आणि उघडलंसुद्धा नाही. आंघोळ केलेलं पाणी.

प्रकाशन आमच्याच भागातल्या एका वाचनालयाच्या हॉलमध्ये झालं. पन्नासेक माणसं. अक्का वडगावहून आली होती, नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत. अध्यक्ष एक निवृत्त हेडमास्तर, पुस्तक हातात धरून बसलेले. गुरुजींनी आधी स्टुलावर बसून चार कविता म्हटल्या. मग उठून उभे राहिले. मला कळलं, आता कुठली येणार. माझ्या पोटात गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला सांगू.

"बाच्या खांद्याचं हाड टोचायचं," गुरुजींनी सुरुवात केली.

हेडमास्तरांची आयुष्यभराची खोड. पोराचं पाठांतर चुकलं की सांगायचं. त्यांनी पानावर बोट ठेवून प्रेमानं दुरुस्ती केली, गुरुजी, अक्काच्या म्हणा, इथं अक्काच्या छापलंय.

गुरुजी थांबले. पुस्तक मागून घेतलं. ती ओळ वाचली. मग त्यांनी मान वर करून पहिल्या रांगेत अक्काकडे बघितलं. अक्कानं त्या वेळी नुसतं हसून, छापणाऱ्याचं काहीतरी चुकलंय एवढं जरी म्हटलं असतं, तरी त्यांनी ते मानलं असतं. पण ते तिला इतकं अचानक आलं की तिनं मान खाली घातली. आणि गुरुजी तर जन्मभर खाली गेलेल्या माना वाचणारे मास्तर.

"छापलंय तसंच आसंल," ते म्हणाले. आणि पुस्तकात बघून ती कविता त्यांनी पहिल्यापासून वाचली. पाठ असलेली कविता, पण एकेक शब्द बोटानं धरून, दुसऱ्याचं पोस्टकार्ड वाचून दाखवावं तशी. सगळ्यात जास्त टाळ्या त्याच कवितेला पडल्या. बायकांनी डोळे पुसले. मीही पुसले, आणि टाळ्या सर्वांत मोठ्यानं वाजवल्या. माझ्या त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात.

पुढच्या गुरुवारी गुरुजी आले, पण हात मोकळे होते. व्हरांड्यात खुर्चीवर बसले. शब्द कुणी बदलला हे त्यांनी विचारलं नाही; नक्कल कुणाची होती ते त्यांना ठाऊक होतं. रागावले असते तर मी पाय धरले असते, पण ते रागावलेच नाहीत. पावसाचं बोलले, क्रिकेटचं बोलले. नवं काही लिहिलंत का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "आता आठवलं, की आदी इचारावं लागतंय, हे कुणाचं हाय म्हणून."

त्यानंतर त्यांनी कविता लिहिली नाही. गुरुवार हळूहळू पंधरवड्यानं झाले, महिन्यानं झाले. मला ते परत वैनी म्हणायला लागले. पोरी म्हटलं असतं तर मी काय हवं ते दिलं असतं.

पाचसहा महिन्यांनी मी वडगावला गेले. अक्कासमोर बसून कबूल केलं, की शब्द मी बदलला, चांगल्या हेतूनं बदलला. एवढं ओझं तुम्ही वाहिलंत, ते जगाला कळावं, तुमचं नाव कुठंतरी यावं, असं मला वाटलं. एस.टी.त घोकून आले होते, ते सगळं धडाधडा बोलून टाकलं. अक्का शेंगा फोडत होती. माझं संपेपर्यंत तिनं ऐकलं, हातातली शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले. आवाज चढवला नाही, माझ्याकडे बघितलंही नाही.

"त्येला बहीण हुतीच की, बाई. बा न्हवता, म्हणून तर म्या पटका बांधलता."